नोंद राहिली, ती कुणाची चूक?

माजी सैनिकाने किंवा त्याच्या घरच्यांनी ‘सेवेच्या कागदांत अमुक पदकाची नोंद राहून गेली आहे, ती करून मिळावी’ असा अर्ज केला, की त्याला चार ठरावीक उत्तरे ऐकावी लागतात. ती कचेरीतच मिळतात असे नाही. एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर आणि कधी कधी स्वतःच्या पडवीतही मिळतात. पहिले उत्तर : पदकाने पोट भरते का? दुसरे : इतकी वर्षे कुठे होता? तिसरे : जुनी प्रकरणे उकरली तर खोट्यांची रांग लागेल. चौथे : कागदच उरलेले नाहीत, दुरुस्ती करणार कशात?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत हा वाद एकदा नीट निकालात काढायला हवा. हा मुलूख सैन्याला परका नाही. महाड तालुक्यात फौजी आंबवडे हे गाव आहे; पिढ्यान्‌पिढ्या इतकी माणसे पलटणीत गेली, की ‘फौजी’ हा शब्द गावाच्या नावालाच जाऊन बसला. दुसऱ्या महायुद्धात इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे शेजारच्या माणगाव तालुक्यातले. पोलादपूरजवळच्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे आणि तिथे दरवर्षी लोक जमतात. एवढा अभिमान असलेल्या मुलखात एखाद्या हवालदाराच्या डिस्चार्ज बुकातला पदकांचा रकाना अर्धा रिकामा असेल, तर तो अभिमान भाषणापुरताच म्हणायचा.

पहिला आक्षेप पोटाचा. मोहिमेच्या पदकामागे दरमहा पैसा मिळत नाही, हे खरेच आहे. पण म्हणून नोंद निरुपयोगी ठरत नाही, कारण पदकाची नोंद हा माणूस कुठे होता याचा पुरावा असतो. १९७१ चे उदाहरण घ्या. त्या काळात सैन्यात असलेल्यांना सरसकट मिळाले ते संग्राम पदक. पूर्व आघाडीवर गेलेल्यांसाठी पूर्वी स्टार होता आणि पश्चिम आघाडीवरच्यांसाठी पश्चिमी स्टार. १९६५ मध्येही हाच भेद होता : रक्षा पदक बहुतेकांना मिळाले, समर सेवा स्टार मात्र प्रत्यक्ष मोहिमेत असलेल्यांनाच. ‘पदके काय, सगळ्यांनाच मिळतात’ असे म्हणणाऱ्याला हा फरक ठाऊक नसतो. संग्राम पदकाची नोंद आहे आणि पूर्वी स्टारची नाही, असा कागद तो माणूस पूर्व आघाडीवर गेलाच नव्हता अशी साक्ष देतो. ही साक्ष खोटी असेल तर ती सरकारी शिक्क्याने दिलेली खोटी साक्ष आहे.

आणि या साक्षीला पोटाचीही बाजू आहे. म्हातारपणी गुडघा, कान किंवा जुनी जखम त्रास देऊ लागली आणि अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज केला, की पहिला प्रश्न येतो : हे सैनिकी सेवेमुळे झाले का, आणि कुठे झाले? युद्धातील जखमेचे निवृत्तिवेतन आणि साध्या अपंगत्वाचे निवृत्तिवेतन यांत मोठा फरक आहे. अशा वेळी मोहिमेची नोंद किंवा शत्रूशी लढताना जखमी झालेल्याला मिळणाऱ्या पराक्रम पदकाची नोंद असली, तर निम्मा वाद जागेवर मिटतो. ती नसली तर जखमी माणसालाच आपली जखम सिद्ध करत फिरावे लागते. पोट भरते का असे विचारणाऱ्यांनी हा हिशेबही एकदा मांडावा.

दुसरा आक्षेप उशिराचा. ‘तेव्हाच का नाही पाहिले?’ हे विचारणारा गृहीत धरतो, की पदक आणि निवृत्ती एकाच दिवशी हातात पडतात. प्रत्यक्षात पदके मागाहून जाहीर होतात, त्याहून उशिरा तयार होतात आणि आणखी उशिरा वाटली जातात. दुसऱ्या महायुद्धाचे इंडिया सर्व्हिस मेडल जाहीर झाले जून १९४६ मध्ये. त्याआधी पलटणीतून मोकळा होऊन गावी आलेल्या शिपायाच्या डिस्चार्ज बुकात ते कसे असणार? पुढच्याच वर्षी देशाची आणि सैन्याचीही फाळणी झाली. रेजिमेंटा, भांडारे, कागद सगळ्यांचीच वाटणी झाली. या धांदलीत कोकणातल्या एका वाडीतल्या शिपायाचे पदक त्याच्यापर्यंत पोचले नसेल, तर दोष शिपायाचा कसा?

शिवाय इथला सैनिक निवृत्तीनंतर गावातच बसून राहत नसे. पलटण सुटली की मुंबई गाठायची, गिरणीत किंवा गोदीत लागायचे, ही या भागाची रीत. गावच्या पत्त्यावर आलेले टपाल ‘मालक मुंबईस’ असा शेरा घेऊन परत गेले तर नवल नाही. पत्तेही बदलले. त्याच्या कागदांवरचा जिल्हा कुलाबा. १९८१ पासून तो रायगड झाला. पोलादपूर तालुका होण्याआधी महाल होता. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग भरती करणाऱ्या कारकुनाच्या कानावर अवलंबून असे आणि अनेकांच्या नोंदीत आडनावच नाही, नुसते स्वतःचे आणि बापाचे नाव.

पलटणीही एका जागी राहिल्या नाहीत. पहिल्या महायुद्धातली ११० वी मराठा पलटण पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, म्हणजे घाडग्यांची पलटण. आणि तीच आज पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, पॅराशूट रेजिमेंटचे बेंगळुरूला. महार सैनिकांची कहाणी तर याहून तुटक. १९१७ मध्ये उभी केलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट बेळगावला नव्याने उभी राहिली. तिचे केंद्र आज मध्य प्रदेशातल्या सागरला आहे. आजोबांचा कागद यांपैकी कुठल्या दाराशी मागायचा, हे नातवाला कोण सांगणार? जे कोडे सरकारने घातले ते सोडवायला उशीर लागला, म्हणून सरकारनेच दरडावावे हा उलटा न्याय झाला.

उशीर झाला म्हणून सत्य बदलत नाही, हे इतरांनी मान्य केले आहे. अमेरिकेत सैनिकांच्या नोंदी दुरुस्त करणारी मंडळे १९४६ च्या कायद्याने अस्तित्वात आली. अर्जाला तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायासाठी आवश्यक वाटल्यास ती माफ करण्याचा अधिकार मंडळाला आहे. हेन्री जॉन्सन हा कृष्णवर्णीय शिपाई १९१८ मध्ये फ्रान्समध्ये लढला. त्याला त्याच्या देशाचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला २०१५ मध्ये, मृत्यूनंतर कित्येक दशकांनी. आपल्याकडेही सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. कारगिलच्या बटालिक भागात लढलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या अर्जावर २०१० मध्ये याच न्यायाधिकरणाने युद्धाच्या सरकारी वृत्तांतात दुरुस्ती करण्याचा आदेश दिला. ब्रिगेडियरच्या बाबतीत युद्धाची नोंद अकरा वर्षांनी तपासता येते, तर शिपायाच्या बाबतीत का नाही?

तिसरा आक्षेप खोट्या दावेदारांचा. खोटेपणा होतच नाही असे कुणी म्हणणार नाही. पण सैन्याइतकी स्वतःला पडताळून पाहणारी दुसरी नोंदव्यवस्था देशात क्वचितच असेल. प्रत्येक जवानाला स्वतंत्र क्रमांक असतो. त्याची बदली, रजा, बढती, रुग्णालयातली भरती हे सगळे पार्ट टू ऑर्डरमध्ये येते आणि तिथून शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवापत्रकावर, चढते. पलटण कुठल्या दिवशी कुठे होती हे तिच्या युद्धदैनंदिनीत असते. क्रमांक, पार्ट टू ऑर्डर आणि युद्धदैनंदिनी एकमेकांशी जुळवली की खोटा दावा तिथेच गळून पडतो. खरे तर ठग कागद चोख करूनच येतो; फाटका, अर्धवट, शाई पसरलेला कागद घेऊन येणारा बहुधा खराच असतो. चोराच्या भीतीने सावाला दारात उभे न करणे ही कार्यक्षमता नव्हे, ती कामचुकारी आहे.

‘छावणीच्या बाजारात तसलीच पदके विकत मिळतात, एक घ्या आणि लावा’ हा सल्लाही याच जातीचा. विकत आणलेले पदक छातीवर लावता येईल, पण त्याच्या जोरावर एकही अर्ज पुढे सरकणार नाही. मिळालेले पदक हरवणे आणि पदकाची नोंदच नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात धातू गेला, दुसऱ्यात सेवाच गेली.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला पूर्ण मान देऊन उत्तर द्यायला हवे. निवृत्तिवेतन न मिळालेल्या जवानांची सेवाकागदपत्रे पंचवीस वर्षांनंतर नष्ट करावीत, अशी तरतूद सैन्याच्या नियमावलीत आहे. त्यानंतर उरते ती लाँग रोल नावाच्या नोंदवहीतली त्रोटक नोंद. म्हणजे १९४६ मध्ये निवृत्तिवेतनाविना घरी पाठवलेल्या महायुद्धातल्या शिपायाचे कागद १९७१ च्या सुमारास नष्ट होण्यास पात्र ठरले. ज्याला सरकारने महिन्याकाठी काही दिले नाही, त्याचाच कागदही सरकारने जपला नाही. आणि पुढे अशा वृद्ध सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी मदतीच्या योजना आल्या, तेव्हा त्यांच्याकडेच सेवेचा पुरावा मागितला गेला. पुरावा ज्याने नष्ट केला त्यानेच पुरावा मागावा, हे कुठल्या न्यायात बसते?

घरचा कागद तरी शाबूत असेल म्हणावे, तर हा सावित्री आणि गांधारीच्या काठचा मुलूख. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुईसारख्या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्यात गेले आणि त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला. जिथे माणसे वाचली नाहीत तिथे पत्र्याच्या ट्रंकेतले डिस्चार्ज बुक कुठून वाचणार?

तरीही ‘कागद नाहीत’ हे वाक्य वादाचा शेवट ठरू शकत नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील अमेरिकी अभिलेखागाराला आग लागून सैनिकांच्या एक कोटी साठ लाखांहून अधिक फायली जळाल्या. तिथे पगाराच्या पावत्या, दवाखान्यांच्या नोंदी, तुकड्यांचे दैनिक अहवाल असे इतरत्र उरलेले कागद गोळा करून सेवा पुन्हा सिद्ध करण्याची पद्धत बसवली गेली. आपल्या शेजारचे उदाहरण त्याहून बोलके आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या पंजाबी सैनिकांची गाववार रजिस्टरे लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. २०२१ मध्ये ती संगणकावर आणून खुली होऊ लागली आणि सुमारे तीन लाख वीस हजार नावांच्या वारसांना आपल्या पूर्वजांचा शोध घेण्याची वाट मिळाली. एक कागद गेला तर दुसऱ्याने भरून काढता येते. त्यासाठी शोधणारा लागतो आणि तो सरकारी पगारावरचा असावा लागतो.

आक्षेपांचा समाचार घेतला. आता आपले म्हणणे. सेवेची नोंद हक्काने मागण्याची परंपरा महाडातच आहे. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले. महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर १८९४ मध्ये त्यांनी सरकारकडे करायचा अर्ज तयार केला, आणि त्याला आधार घेतला तो पूर्वीच्या पिढ्यांनी केलेल्या चाकरीचा. आमची सेवा तुमच्या दप्तरात आहे, ती विसरून तुम्हाला निर्णय घेता येणार नाही, हा त्या मागणीचा गाभा. नोंद ही मेहेरबानी मानली असती तर वलंगकरांनी लेखणी उचललीच नसती. त्यांनी ती हक्काची बाब मानली, आणि आजही तीच भूमिका बरोबर आहे.

म्हणून मागण्या अशा. नोंद पूर्ण करण्याची जबाबदारी जवानावर नव्हे, रेकॉर्ड ऑफिसवर असावी : पलटण मोहिमेत होती आणि जवान त्या तारखांना पलटणीत होता एवढे दिसले, की पदकाची नोंद आपोआप व्हावी, नसल्यास तसे कारण कार्यालयाने लेखी द्यावे. नाव, आडनाव, जिल्हा यांत फरक असला तर सेना क्रमांक निर्णायक मानावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या ऐंशी वर्षांच्या वीरपत्नीला तिथवर खेपा घालायला लावू नयेत. वर्षातून एकदा महाड आणि पोलादपूरच्या तहसील कचेरीत रेकॉर्ड ऑफिसच्या माणसांसह शिबिर भरवावे. लाँग रोल संगणकावर आणून वारसांना खुले करावेत. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावातल्या आजी-माजी सैनिकांचे रजिस्टर ठेवावे. त्याला कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

हे होईपर्यंत वाचकांनी थांबू नये. घरात डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश (पीपीओ), जुने पत्र, फोटोच्या मागचा मजकूर, काहीही असेल तर त्यातला सेना क्रमांक, पलटण आणि तारखा आधी उतरवून घ्या. त्यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक पुराच्या पाण्यापासून लांब. सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला नोंददुरुस्तीचा अर्ज करा. उत्तर आले नाही तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात शीट रोलची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे. नकार आलाच तर तो कारणासह लेखी घ्या, कारण पुढे न्यायाधिकरणासमोर तोच कामी येतो. आणि कुणी ‘आता काय उपयोग’ म्हणाले, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. आधी अर्जाची पोच घ्या.