आधी चिंचोके, मग आकडे

आमच्या सीमाभागात घरातले मूल तीन वर्षांचे झाले की पहिला प्रश्न उभा राहतो तो माध्यमाचा. मराठी, कन्नड की इंग्रजी? आजोबा एक सांगतात, वडील दुसरे, शेजारीपाजारी तिसरे. या वादात मूल काय शिकणार आणि कशाने शिकणार, हे मात्र कोणाच्या गावीही नसते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. बालशिक्षणावर लिहिण्याचा तुला अधिकार काय, असे कोणी विचारील. परंतु आकड्यांशी माझा रोजचा संबंध आहे, आणि मूल मोजायला कसे शिकते एवढ्यापुरतेच मला बोलावयाचे आहे.

पाहुणे आले म्हणजे मुलाला पुढे उभे करून "एक ते शंभर म्हणून दाखव" असे फर्मान सुटते. मूल घडाघडा म्हणते, सर्वांना धन्य वाटते आणि हातावर बिस्कीट पडते. पण आकडे म्हणणे आणि मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेलमन आणि गॅलिस्टेल या अभ्यासकांनी १९७८ साली आपल्या पुस्तकात हे नीट उलगडून दाखविले. एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, आणि शेवटी उच्चारलेला शब्द म्हणजे साऱ्या वस्तूंची संख्या, इतके कळले तर ती मोजणी. नाहीतर ते नुसते पाठांतर.

माझी पुतणी साडेचार वर्षांची आहे. तिच्यासमोर मी चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, सहा आणि सहा. "सारखे आहेत," ती म्हणाली. मग तिच्या डोळ्यांदेखत मी खालची ओळ पसरून लांब केली. "आता?" "ही जास्त, काका!" तिने लांब ओळीवर बोट ठेवले. घरातील मंडळी हसली. खरे म्हणजे त्यात हसण्यासारखे काही नव्हते. ज्याँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाने हा प्रयोग अनेक मुलांवर केला आणि साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुले असेच उत्तर देतात असे त्याला आढळले. पुढच्या अभ्यासकांनी त्याच्या निष्कर्षांना मुरडी घातल्या, पण मूळ गोष्ट कोणालाही घरी पाहता येते. ही मुलगी शंभरपर्यंत म्हणते, आणि सहा चिंचोके पसरले म्हणून वाढत नाहीत हे तिला अजून उमगावयाचे आहे. ते पाठांतराने उमगणार नाही. चिंचोके शंभर वेळा मांडून, मोडून, वाटून, खिशात भरून आणि हरवूनच उमगेल.

आता दहाच्या पुढे जाऊ. येथे आपली मराठी मुलांना बरीच दमवते. तीन हा अंक घ्या. तो तेवीसमध्ये 'ते' आहे, तेहेतीसमध्येही 'ते', पण त्रेचाळीस आणि त्रेपन्नमध्ये 'त्रे' होतो. पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर, म्हणून मूल ऐकल्याबरहुकूम पाच आधी लिहिते आणि पाटीवर बावन्न उमटतात. एकोणतीस तर तिसातून एक वजा करून बनलेला. ज्याला अजून वजाबाकी ठाऊक नाही त्याने हा शब्द समजून कसा घ्यावा? आणि एकोणऐंशीपर्यंत ही रीत पाळून भाषा नव्याऐंशीला आणि नव्व्याण्णवला ती खुशाल सोडून देते!

कन्नडमध्येही वीसच्या आत थोडी वळणे आहेत. हन्नोंदु, हन्नेरडु हे शब्द पाठच करावे लागतात. पण वीसच्या पुढे रस्ता सरळ होतो. इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक, आणि इप्पत्तोंदु म्हणजे एकवीस. एकोणतीस म्हणजे इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. अंक ज्या क्रमाने लिहावयाचे त्याच क्रमाने उच्चारावयाचे. (ओंबत्तु या शब्दातही 'दहाला एक कमी' दडलेला आहे असे भाषाशास्त्राचे जाणकार सांगतात. म्हणजे आपल्या 'एकोण'चा एक भाऊबंद त्यांच्याही घरी आहे.)

हे मला शाळेत कोणी सांगितले नाही. माझी शाळा मराठी माध्यमाची. पण वडिलांचे छोटे किराणा दुकान आहे आणि निम्मी गिऱ्हाइके कन्नड बोलणारी. "किती झाले?" आणि "एष्टायतु?" हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी कानावर पडावयाचे. एका गिऱ्हाइकाला एकोणतीस आणि दुसऱ्याला इप्पत्तोंबत्तु सांगता सांगता, दोन आणि नऊ हे अंक त्या आकड्यात कसे बसले आहेत हे मला गल्ल्यापाशी उभ्या उभ्या दिसले.

भाषेच्या घडणीचा मोजणीवर परिणाम होतो हे अभ्यासकांनीही पाहिले आहे. अमेरिकन आणि चिनी मुलांची तुलना करणारा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. दहापर्यंत दोन्हीकडची मुले सारखीच मोजत होती; अकराच्या पुढे अमेरिकन मुले अडखळू लागली. चिनी भाषेत अकरा म्हणजे 'दहा-एक'. इंग्रजीत मात्र अकरा आणि बारा हे शब्द काहीच सांगत नाहीत. मूल इंग्रजीत मोजू लागले की गणित आपोआप सोपे होते असे मानणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचण्याची रीत दिली. केवढा गदारोळ झाला! मराठीचा खून झाला इथपासून ते विधानसभेतील थट्टेपर्यंत सारे काही झाले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावीत होत्या की जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे लहान मुले अडतात. ऐकावयास फुरसत कोणाला होती? मला स्वतःला एकवीस, बावीस हे शब्द हवे आहेत. ते गेले तर आजीचे निम्मे हिशेब मुक्याने करावे लागतील. पण 'वीस एक' ही पायरी म्हणून वापरली तर मराठीचे काय बिघडते? आणि आमच्या भागात तर ही पायरी नव्याने घडवावयाचीही गरज नाही. ती शेजारच्या अंगणात तयार आहे.

येथेच आमचे पालक उलटे वागतात. दोन भाषांनी मूल गोंधळेल म्हणून त्याला कन्नड शेजाऱ्यांच्या अंगणातून हाक मारून घरात आणतात, आणि लगेच तिसऱ्या भाषेतील 'नर्सरी'त पैसे भरून पाठवितात. पलीकडची मंडळीही आपल्या मुलांच्या बाबतीत नेमके हेच करतात. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर फुकट मिळणारे भांडवल टाकून देऊन व्याजाने कर्ज काढण्याचा हा प्रकार आहे.

शाळेतील माझी एक मैत्रीण सध्या शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करते. तिची शैक्षणिक साधने मी पाहिली. थर्माकोलवर चमकीने रंगविलेले आकडे, वर प्लॅस्टिकचे आवरण, आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर टांगलेले. तपासणीला गुण चांगले मिळतात म्हणे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी साधने जमविली ती खडे, बिया, पाने, शिंपले अशी. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, हा विचार तिथलाच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, पण खडे आणि बिया वाटेत कुठेतरी सांडल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' म्हणून खेळणी, कोडी, बाहुल्या यांची पेटी केंद्राने काढली. स्वागतार्ह गोष्ट. पण ती पेटी कपाटात कुलूपबंद राहिली तर चमकीचा तक्ता आणि ती सारखीच.

प्रशिक्षणार्थी शिक्षकांना माझे सुचविणे एवढेच आहे. आइस्क्रीमच्या काड्या धुवून घ्याव्यात, दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधाव्यात. दोन जुड्या आणि नऊ सुट्या काड्या मुलाच्या हातात द्याव्यात. इप्पत्तु, मग ओंबत्तु. नंतर तिसरी जुडी पुरी व्हावयास एकच काडी कमी आहे हे त्याला स्वतः दिसू द्यावे, आणि त्या क्षणी एकोणतीस हा शब्द द्यावा. वीस आणि नऊ, तिसाला एक उणा, ही एकाच संख्येची दोन अंगे त्याच्या मुठीत येतील. कन्नड घरातील मुलालाही हाच खेळ उलट्या बाजूने खेळता येईल. दोन्ही भाषांत मोजता येणारी बाई मात्र वर्गात हवी. आमच्या भागातील प्रशिक्षणात निदान शंभरपर्यंतची दुसरी भाषा आणि पाच-दहा बडबडगीते सक्तीची करावयास कोणते मोठे अनुदान लागणार आहे?

आपल्या या अंकाच्या मागील पानांवर कन्नड विभाग आहे. तेथील मित्रांना विनंती की लहानपणी अंगणात म्हटलेली मोजणीची गाणी त्यांनी लिहून आमच्याकडे द्यावीत. आमची आम्ही देऊ. चिंचोके दोघांचेही एकाच झाडाचे आहेत, आणि माझ्याकडे सध्या एक डबाभर शिल्लक आहेत.