रुखवत आणि ताट

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मुलाच्या लग्नाला पाच वर्षं झाली म्हणून घरी पंधरा-सोळा माणसं बोलवायचं ठरलं. मोहन्यातलं आमचं घर काही मोठं नाही, पण सोफा भिंतीला लावला आणि टीपॉय आतल्या खोलीत नेला की तेवढी माणसं सहज मावतात. सूनबाईंनी आठवडाभर आधीच जाहीर केलं, ‘‘या वेळी डिशा भरायच्या नाहीत. बोर्ड करायचा.’’ चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला बोर्ड म्हटलं की संचालक मंडळच आठवतं. मी तसं म्हणालोही. ‘‘शार्कुटरी बोर्ड, बाबा,’’ ती म्हणाली आणि तिनं मोबाइलवर चित्रं दाखवली. लाकडी फळीवर चीजचे तुकडे, द्राक्षांचे घड, बदाम, अंजीर, बिस्किटं आणि मांसाच्या पातळ चकत्यांची केलेली गुलाबाची फुलं. फळीचा इंचभरही भाग रिकामा नाही. सुंदर होतं, यात शंका नाही.

शब्द फ्रेंच. शिजवलेलं मांस असा त्याचा मूळ अर्थ. डुकराचं मांस खारवून, धुरी देऊन, वाळवून टिकवणारे आणि विकणारे जे दुकानदार फ्रान्समध्ये होते, त्यांच्या धंद्याचं हे नाव. फ्रिज नव्हते तेव्हा हिवाळ्यापुरतं मांस टिकवायचं, ही त्यामागची गरज. आपल्या कोळीवाड्यात बोंबील वाळतात, गोव्यात चोरीस टांगतात, त्याच जातीची ही विद्या. पुढे मांसाशेजारी चीज आलं, फळं आली, आणि आता तर मांस नसलेल्या फळीलाही लोक शार्कुटरीच म्हणतात. वरणाशिवाय वरणभात म्हणावं तसं. पण भाषेला कोण अडवणार?

घोडं अडलं ते फळीपाशी. दुकानातल्या फळीची किंमत ऐकून मुलगा गप्प झाला. मग सूनबाईंना माळ्यावरचा पाट आठवला. माझ्या आईच्या लग्नातला, सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुलं असलेला. तिनं तो काढून पुसायला घेतला आणि नेमकी त्याच वेळी माझी धाकटी बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली.

‘‘पाटावर माणूस बसतो गं. त्यावर खायचं मांडायचं?’’

‘‘आत्या, देवालासुद्धा पाटावरच बसवतो ना आपण?’’

‘‘देव बसतो. त्याचा नैवेद्य ताटात असतो.’’

या उत्तरावर आमच्यापैकी कोणालाच काही सुचलं नाही. शेवटी तोडगा बहिणीनंच काढला. पाटावर केळीचं पान अंथरायचं आणि मांडणी पानावर करायची. तो तोडगा धार्मिक वाटला तरी शहाणपणाचाही होता, कारण जुन्या पाटांना रंग किंवा पॉलिश असतं आणि त्यावर ओलं, आंबट काही थेट ठेवू नये. मांसाहाराचं वेगळं मांडायचं, वेगळ्या सुरीसकट, हेही तिनंच ठरवलं. ज्या घरात दोन्ही प्रकारची माणसं येतात तिथं हा नियम पाळलेला बरा. एकाच फळीवर सगळं मांडलं तर निम्मी माणसं द्राक्षालाही हात लावत नाहीत, आणि लावत नाहीत हे बोलूनही दाखवत नाहीत.

संध्याकाळी पाट दिवाणखान्यात आला तेव्हा मीही बघत राहिलो. सांगलीकडचे बेदाणे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, डहाणूचे चिकू, वसईची सुकेळी, सोलापुरी शेंगांची चटणी छोट्या वाटीत. दोन प्रकारचं चीज होतं आणि तिसऱ्याच्या जागी आटाळीकडच्या एका गोठ्यातून आणलेल्या चिकाचा खरवस, शंकरपाळ्यांसारखा कापलेला. चकल्यांची उतरंड. अळूवडीच्या चकत्या अशा लावल्या होत्या की चित्रातली ती मांसाची फुलं विसरावीत.

मग फोटो सुरू झाले. आधी पाटाचे, मग पाटासह सूनबाईंचे, मग सगळ्यांचे. दहा-बारा मिनिटं कोणी काही उचललंच नाही. त्यानंतरही नाही. एक चकली काढली तर उतरंड कोसळेल, एक वडी उचलली तर फूल मोडेल. मोडायची सुरुवात कोणी करायची? मला एकदम रुखवत आठवलं.

तरुण वाचकांसाठी सांगतो. लग्नात मुलीकडची मंडळी टेबलावर खाद्यपदार्थांचा जो देखावा मांडत ते रुखवत. रंगीत चिरोटे, परडीभर लाडू, साखरेची तुळशीवृंदावनं. अजूनही काही लग्नांत ते असतं. मुलीच्या आत्या-मावश्या महिनाभर खपत आणि पाहुणे समोरून रांगेनं बघत जात. ते खाण्यासाठी नव्हतंच. ते बघण्यासाठी होतं आणि आमची मुलगी कोणत्या घरची आहे, हे सांगण्यासाठी. म्हणून माझं म्हणणं असं आहे की पाहुण्यांसाठी काहीही मांडताना घरच्यांनी आधी एवढं ठरवावं, आपण रुखवत मांडतोय की ताट?

ताटाचं शास्त्र वेगळं आहे. मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. हे कोणी शोभेसाठी ठरवलेलं नाही. आपण उजव्या हातानं जेवतो, म्हणून जे घासागणिक लागतं ते उजवीकडे आणि जे जिभेला अधूनमधून हवं ते डावीकडे, थोडंसं. हिरवी चटणी, पिवळं वरण आणि पांढरा भात एकत्र आले की ताट देखणं दिसतं, पण तो देखणेपणा हाताच्या सोयीतून आलेला आहे. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांवर एक अख्खी पिढी स्वयंपाक शिकली. पण ताट वाढायला कोणी पुस्तकातून शिकलं नाही. ते बघून आलं, नाहीतर चुकल्यावर बोलणी खाऊन.

ताटाचे गोडवे गाताना त्याची दुसरी बाजू झाकायला नको. ते सुरेख ताट वाढणारी बाई स्वतः शेवटी जेवायची, उरलंसुरलं, पुष्कळदा ताटलीत कसंबसं. माझ्या आईला पहिल्या पंगतीला बसलेलं मी तिच्या साठीशांतीलाच पाहिलं, आणि तेव्हाही ती दोनदा उठली. पंगतीत कोणाला कुठं बसवायचं आणि कोणाला बसवायचंच नाही, याचे नियम तर त्याहून वाईट होते. पाटाभोवती उभं राहून सगळ्यांनी एकाच फळीवरचं उचलून खावं, सासूनं आणि सुनेनं एकाच वेळी खावं, ही त्या मानानं मोठीच सुधारणा आहे. बोर्डाला नाकं मुरडणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींनी हे लक्षात घ्यावं.

तरीही मांडणी म्हणजे काय हे मला कळलं ते पाटावर नाही आणि पंगतीतही नाही. ते कळलं एका स्टीलच्या ताटावरून.

माझे वडील इथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. आमचं बालपण कॉलनीत गेलं, त्या सडलेल्या कोबीसारख्या वासासकट. बाहेरगावचा पाहुणा नाकाला रुमाल लावायचा आणि आम्हाला त्याचं नवल वाटायचं. दिवाळीत फराळाची ताटं घरोघर फिरत. वर क्रोशाचा रुमाल, खाली लाडू, चिवडा, चकली, करंजी, शेव, अनारसे. कॉलनीत सगळ्या मुलखांची माणसं होती, त्यामुळे आमच्या ताटाच्या बदल्यात कुठून केळ्याचे वेफर्स येत, कुठून मुरुक्कू, कुठून गुजिया. ताट रिकामं परत करायचं नाही, हा नियम सगळ्या भाषांत सारखाच होता. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी.

२००९ साली कारखाना बंद पडला. वडील त्याआधीच निवृत्त झाले होते आणि आम्ही कॉलनीतून गावात राहायला आलो होतो. माझी नोकरी बँकेत, म्हणजे आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार येत होता. ज्यांच्याबरोबर मी शाळेत गेलो त्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात तो थांबला होता. २०१०च्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, कॉलनीतल्या जुन्या शेजारच्या वहिनी ताट घेऊन आल्या. नेहमीचाच रुमाल. त्या गेल्यावर बायकोनं तो उचलला. ताटात तीनच पदार्थ होते. मधोमध चिवड्याची लहानशी रास, तिच्याभोवती शंकरपाळ्यांचं एकेरी कडं आणि कडेला चार दिशांना चार बेसनाचे लाडू, प्रत्येकावर एक बेदाणा. शंकरपाळी एकमेकींना न चिकटता अशी लावली होती की ताटाचा काठ भरलेला दिसावा. नुसतं ओतलं असतं तर जेमतेम अर्धं ताट झालं असतं.

बायको बराच वेळ त्या ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘हे मोडायचं कसं?’’

तुम्ही म्हणाल, हेही रुखवतच झालं, कमी होतं ते झाकण्यासाठी केलेलं. मीही तेव्हा आधी तसंच समजलो होतो. पण वहिनींनी लपवलं काहीच नव्हतं. रुमाल उचलला की तीन पदार्थ मोजता येत होते. ते ताट घेताना आम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये, याची काळजी त्यांनी घेतली होती. पगार आमच्या घरी येत होता आणि जपणूक त्या आमची करत होत्या. ते ताट परत करताना त्यात काय ठेवावं, यावर आम्ही नवरा-बायको दोन दिवस बोलत होतो. जास्त ठेवावं तर दान वाटेल, कमी ठेवावं तर कंजूसपणा. अखेर तीनच पदार्थ ठेवले, वहिनींनी ठेवले होते तेवढेच. मांडणी बायकोनं तीनदा बदलली.

म्हणून मला बोर्डाचा खर्च खटकत नाही तेवढी त्याची गच्च भरलेली जागा खटकते. फळी रिकामी दिसू नये म्हणून ओतलेले बदाम शेवटी डब्यात परत जातात, तेही चीजचा वास लागून. आमच्या पहिल्याच प्रयोगात झालेल्या चुका सांगतो, कोणाला उपयोग झाला तर बरं. द्राक्षं धुऊन तशीच ओली ठेवली, शेजारच्या चकल्या अर्ध्या तासात मऊ पडल्या. कुरकुरीत आणि ओलं यांची सोयरीक करू नये. पातळ, तेलकट सगळं वाटीत. सफरचंद आधी कापलं तर काळं पडतं, लिंबाच्या पाण्यातून काढावं, नाहीतर ऐनवेळी कापावं. चीज खायच्या अर्धा-पाऊण तास आधी फ्रिजमधून काढलं तर त्याला चव येते. मांसाच्या चकत्यांचं उलट, त्या शेवटी काढाव्यात आणि दोन तासांत संपवाव्यात. आपल्या मे महिन्यात तर तासाभरात. पुढं जेवण असेल तर प्रत्येकी पाच-सहा घासांपेक्षा जास्त लागत नाही. पंधरा माणसांना एक मोठी फळी करण्यापेक्षा दोन लहान केलेल्या बऱ्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला गर्दीतून वाट काढावी लागत नाही. आणि पहिला घास यजमानानं स्वतः उचलावा. फूल त्यानंच मोडावं.

बँकेत तपासणीला साहेब आले की त्यांच्यासाठी डिश भरायचं काम आमच्या एका शिपायाकडे असायचं. वेफर्स, सामोसा, गुलाबजाम. तो गुलाबजाम नेहमी वेगळ्या वाटीत ठेवायचा. पाक वेफर्सला लागला की साहेबांचा शेरा बिघडतो, असं त्याचं म्हणणं. मी हसायचो. आता वाटतं, शाखेत मांडणी कळणारा तो एकच माणूस होता.

त्या संध्याकाळी आमच्याकडे माझा एक शाळासोबतीही आला होता. रेयॉनमधलाच, पुढं काही वर्षं रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून काम केलेला. तो गॅलरीच्या दाराशी उभा होता. हातात रिकामी प्लेट. कुठून सुरुवात करावी, कशाला काय लावून खायचं, हे त्याला कळत नव्हतं आणि विचारणं जमत नव्हतं. मला दिसलं, पण मी काही करण्याआधी बहीण पाटाशेजारी मांडी घालून बसली होती. ‘‘ये रे, बस इथं,’’ तिनं त्याला हाक मारली. त्याची प्लेट घेतली. डावीकडे शेंगांची चटणी, उजवीकडे अळूवडी, मध्ये खरवस, वर सुकेळ्याचा तुकडा. अळूवडीचं फूल मोडलं तेव्हा कोणीतरी अरेरे म्हणालं. तिनं लक्ष दिलं नाही. ‘‘आणखी घे. हे पांढरं चीज आहे, नुसतं लागत नाही, बिस्किटावर घे,’’ असं म्हणत ती वाढत गेली. तो खाली बसला. मग बाकीचेही बसले, आणि बघता बघता पाटाभोवती पंगतच झाली. सूनबाईंनाही तिनं हात धरून खाली बसवलं. शेवटी स्वतःच्या प्लेटमध्ये काय घेतलं ते मी मुद्दाम पाहिलं. तिनं खरवस आधीच बाजूला काढून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी पाट लिंबाच्या फोडीनं घासून, पुसून गॅलरीत सावलीला ठेवला. पान एका जागी फाटलं होतं आणि तिथं चटणीच्या तेलाचा रुपयाएवढा डाग पडला होता. तो काही निघाला नाही. फेब्रुवारीत नातवाचा वाढदिवस आला तेव्हा सूनबाईंनी विचारलं, ‘‘आत्या, हा चालेल ना औक्षणाला?’’ बहिणीनं पाट उलटसुलट करून पाहिला, डागावरून बोट फिरवलं आणि मुलाला त्यावरच बसवलं.