उभ्या गाडीचा खर्च

गाडी आगारात उभी राहिली म्हणून तिचा खर्च थांबत नाही. डिझेल तेवढे वाचते. चालक-वाहकांचा पगार, कर्जावरील व्याज, आगाराचा खर्च चालूच राहतो. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेच्या वादापायी दोन्ही राज्यांनी परस्परांकडे जाणाऱ्या गाड्या थांबविल्या, तो भुर्दंड कोणी सोसला? मोटारींतून हिंडणाऱ्या मंत्र्यांनी खचित नव्हे! कोल्हापूरच्या इस्पितळाकडे निघालेल्या बेळगावच्या रोग्याने, निपाणीच्या विद्यार्थ्याने सोसला. त्याआधी जानेवारीतच दोन्हीकडच्या महामंडळांनी सुमारे १५ टक्के भाडेवाढ केली होती. तोटा भरण्यास प्रवाशाचा खिसा आणि राग काढण्यास प्रवाशाचीच गाडी! बेळगाव महाराष्ट्रात असते, तर कोल्हापूरची गाडी अडविण्यास सरहद्दच उरली नसती.