डॉक्टरांना खर्र्याचं सांगा

ताप, खोकला, गुडघेदुखी म्हणून तुम्ही दवाखान्यात जाता. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, तुम्ही निघता. खिशातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याबद्दल ते विचारत नाहीत, तुम्हीही बोलत नाही.

पुढच्या वेळी तुम्हीच बोला. "डॉक्टर, मी खर्रा खातो, रोज इतका." एवढंच पुरे.

२०१६-१७च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत हे दिसलं होतं. वर्षभरात दवाखान्यात गेलेल्या तंबाखू खाणाऱ्यांपैकी जेमतेम ३२ टक्क्यांना 'सोडा' असं सांगितलं गेलं. विडी-सिगारेटवाल्यांत हेच प्रमाण ४९ टक्के. ओढणाऱ्याचा वास लपत नाही. खाणारा दारातच थुंकून, चूळ भरून आत जातो!

बोलून काय होणार, असं म्हणाल. लंडनच्या साध्या दवाखान्यांत हे तपासून पाहिलं, त्याचे निष्कर्ष १९७९ साली आले. डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं समजावलं, पत्रक दिलं, पुन्हा विचारपूस करू म्हणून सांगितलं. अशा शंभरांतले पाच जण वर्षानंतरही सिगारेटपासून लांब होते. ज्यांना कुणी काहीच बोललं नाही, त्यांच्यात शंभरी एकही भरला नाही. पाच थोडे वाटतात. पण त्या पाचांत तुमच्या घरचा माणूस असू शकतो.

पानठेल्यावर "तंबाखू कमी टाक" म्हणून काही साधत नाही. नुसत्या सुपारीनंही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४मध्येच जाहीर केलं आहे. सुपारीनं गाल आतून ताठ होत जातो. आधी सावजीचा रस्सा झोंबायला लागतो. मग घास लहान करावा लागतो.

आज आरशासमोर उभे राहा. तुमचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का, बघा. जात नसतील, गालात पांढरा चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर थांबू नका. तिशी ओलांडली असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात बीपी, शुगरसोबत तोंडही तपासून मागा. पैसे लागत नाहीत. पुढची गरज पडली तर नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे.

सोडायचा दिवस ठरवा आणि घरी सांगा. त्या दिवशी खिसे, गाडीची डिक्की, ऑफिसचा ड्रॉवर रिकामा करा. जेवणानंतर तलफ येईल. पाणी प्या, बडीशेप चघळा, दहा मिनिटं इकडेतिकडे काढा, ती ओसरते. पहिला आठवडा चिडचिड होईल, झोप लागणार नाही. डॉक्टरांना विचारा, त्यासाठी औषधं आहेत. मध्येच एखादा खाल्ला तर सगळं फुकट गेलं असं समजू नका, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा धरा.

घरच्यांनो, या दिवसांत टोमणे नकोत. आणि पोराला खर्रा आणायला पानठेल्यावर पाठवणं आजपासून बंद. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणं २००३च्या कायद्यानं गुन्हा आहे.

दवाखान्यात बोलायला संकोच वाटतो? १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर फोन करा, फुकट आहे. तंबाखूच्या पाकिटावर तो छापलेला असतो. खर्र्याच्या पन्नीवर काहीच छापलेलं नसतं, म्हणून इथूनच उतरवून घ्या.