सॅमन, संत्रे आणि आमची मासोळी

नागपूरला समुद्र नाही, ही गोष्ट भूगोलाच्या पहिल्याच धड्यात कळते. पण म्हणून नागपूरला मासोळीही नाही, असे जे मुंबईकडच्या पाहुण्यांना वाटते आणि अलीकडे आमच्यातल्याच पुष्कळांना वाटू लागले आहे, त्याबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत. निमित्त झाले ते एका परदेशी माशाचे. त्याचे नाव सॅमन. लिहिताना मध्ये 'ल' लिहायचा आणि म्हणताना गिळून टाकायचा, असे आमच्या इंग्रजीच्या सरांनी सांगितले. मासा खाण्याआधी निदान त्याचा 'ल' तरी आम्ही गिळला!

मधल्या सुट्टीत आमच्या वर्गात एक मोबाईल हातोहात फिरत होता. तव्यावर गुलाबी-नारिंगी रंगाचा जाड तुकडा, त्यावर मध आणि लाल तिखटाचा चकचकीत लेप, आणि वरून आंब्या-अननसाच्या बारीक ताज्या फोडी. अख्खे बाक "वा!" म्हणाले. त्याच दुपारी आमच्यातल्या एका मैत्रिणीने डबा उघडला नाही. डब्यात सुक्या झिंग्यांची चटणी होती, आणि मागे एकदा तिने तो उघडला तेव्हा कोणी रुमाल नाकाला लावला होता, तर कोणी बाक बदलले होते. सॅमनला वास नसतो काय? असतो. पण मोबाईलमधून तो येत नाही, एवढाच त्याचा मोठेपणा.

आता या पाहुण्याचे कूळ थोडे पाहू. सॅमन हा थंड पाण्याचा मासा. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. बाजारातला बराचसा अटलांटिक सॅमन मात्र नॉर्वेसारख्या देशांत समुद्रात जाळ्यांचे पिंजरे टाकून पाळलेला असतो. त्याचा तो मोहक रंग ॲस्टाझँथिन नावाच्या द्रव्याचा. रानातल्या सॅमनला तो झिंग्यांसारख्या जिवांपासून मिळतो, पाळलेल्याला खाद्यात मिसळून द्यावा लागतो. म्हणजे ज्या झिंग्यांपुढे आमच्या वर्गाने नाक मुरडले, तसल्याच जिवांनी त्या तुकड्याला रूप दिले! आणि कित्येक हॉटेलांत 'इंडियन सॅमन' म्हणून जो मिळतो, तो तर सॅमनच नव्हे. तो आपला कोकणचा रावस. त्याचे घराणेच वेगळे. पण रावस म्हटले की भाव उतरतो, असे हॉटेलवाल्यांना वाटत असावे.

"पण बाई, माशावर फळ? हे तर साहेबी खूळ!" असे आमची आजी म्हणाली. आजीचा मान राखून सांगते की हे खूळ साहेबाचे एकट्याचे नाही. कोकणात आणि गोव्यात माशाच्या कालवणात कैरी, बिंबली, कोकम पडत आले आहे, तीही फळेच. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक लिहिले. त्या ज्या पाठारे प्रभू समाजातल्या, त्या समाजात कोळंबी आणि अननस एकाच सांबाऱ्यात नांदतात. त्याहून मागे जायचे तर बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मासे शिजवण्याबद्दल लिहिले, आणि गळ टाकून मासे धरण्याची करमणूकही सविस्तर सांगितली. राजाने गळाबद्दल लिहिले तर तो ग्रंथ होतो. ढिवराच्या पोराने गळाबद्दल निबंध लिहिला तर काय होईल, ते मला ठाऊक नाही. अजून कोणी लिहिलेला मी पाहिला नाही.

आमच्या वाडीचे भाग्य असे की इथे सगळा देश शेजारी राहतो. आयुध निर्माणीमुळे बंगाली, मल्याळी, ओडिया कुटुंबे आली, अमरावती रोडवर गोदामे झाली आणि ट्रकांबरोबर आणखी चार प्रांतांची माणसे आली. आमच्या शेजारच्या बंगाली काकू थंडीच्या दिवसांत कतल्यात संत्रे घालतात. बंगालीत संत्र्याला 'कमला' म्हणतात, आणि कमला घातलेला कतला हा त्यांच्याकडचा हिवाळ्यातला मानाचा पदार्थ. मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मनात आले, की संत्री आमची, काटोल-कळमेश्वरची. त्यांनी भरलेल्या गाड्या आमच्या दारावरून जातात. संत्र्यावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था याच अमरावती रोडवर. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि हे संत्रे माशावर घालण्याची अक्कल मात्र कलकत्त्याहून यावी!

त्यानंतर मी घरी जे करून पाहिले ते सांगते. सॅमनची नक्कल कतल्यावर तशीच्या तशी होत नाही. सॅमनचा तुकडा जाड, तेलकट आणि जवळजवळ बिनकाट्याचा. कतला, रोहू यांच्या मांसात बारीक दुफाट्याचे काटे. वरून फोडी टाकल्या तर खाणारा फोड आणि काटा यांतच अडकतो. म्हणून मरळ घ्यावी. तिला आडवे काटे फार नसतात. मरळ परवडली नाही तर कतल्याची पेटी, म्हणजे पोटाकडचा भाग. तिथले काटे मोठे असतात, हाताला लागतात.

तळ्याच्या मासोळीला जो मातकट वास असतो तो चिखलाचा नसून पाण्यातल्या सूक्ष्म जिवांनी तयार केलेल्या एका द्रव्याचा, आणि आंबटाने ते मोडते. आमच्या आजीने चिंचेच्या कोळाशिवाय कधी मासोळी केली नाही, त्याचे कारण हेच. तिला रसायनशास्त्र माहीत नव्हते, वास माहीत होता. तेव्हा तुकड्यांना मीठ, हळद आणि लिंबू लावून पंधरा मिनिटे ठेवावे. मग आले-लसूण आणि भिवापुरी मिरचीचे तिखट चोळून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी भाजावे. गूळ मात्र शेवटी. दोन चमचे पाण्यात विरघळवून, तुकडा शिजल्यावर वरून ओतावा आणि मिनिटभरात तवा उतरवावा. आधी घातला तर तिखटासकट जळून काळा होतो आणि घरभर ठसका उठतो.

संत्र्याचे तर आणखी नाजूक. रस तापवला की कडवटपणा वर येतो. म्हणून संत्रे चुलीजवळ न्यायचेच नाही. फोडींचे पापुद्रे आणि बिया काढून गर मोकळा करायचा, त्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि मूठभर सांबार घालायचा. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनी इडली आठवू नये.) हा गर पानात वाढतानाच मासोळीवर टाकायचा. उन्हाळ्यात संत्र्याऐवजी कैरी किसून घ्यावी, गूळ थोडा वाढवावा. कच्ची पपई मात्र माशाला लावून ठेवू नये. ती मांस इतके विरघळवते की तव्यावर भुगा होतो.

पहिल्यांदा केले तेव्हा बाबांनी काही न बोलता दुसरा तुकडा घेतला. आजी म्हणाली, "चांगलं हाय व माय, पन रस्सा कोठी हाय?" तेही बरोबरच आहे. भाताला रस्सा लागतोच.

हे सारे मी निव्वळ चवीसाठी सांगत नाही. आमचे आजोळ गोंदिया जिल्ह्यातले, नवेगावबांधच्या बाजूचे. तो मुलूखच तळ्यांचा. कोहळी लोकांनी बांध घातले, धानाला पाणी दिले, आणि त्या पाण्यात ढिवरांनी जाळी टाकली. १९५१ साली मालगुजारी संपली, तळी सरकारच्या ताब्यात गेली, आणि मासेमारी सोसायट्यांच्या ठेक्यावर आली. तळी गाळाने भरली, काठाने बेशरम माजली, आणि लवकर वाढतात म्हणून रोहू, कतला यांचे बीज सोडता सोडता कितीतरी गावठी मासोळ्या जाळ्यात येईनाशा झाल्या. आजोबा ज्या मासोळ्यांची नावे घेत, त्यांतल्या निम्म्या मी डोळ्यांनी पाहिलेल्या नाहीत. आज नागपूरच्या बाजारात आंध्रातून बर्फात येणारी मासोळी ढीगाने दिसते. तळ्याची ताजी मरळ शोधावी लागते. इथे वाडीजवळ तरी काय वेगळे आहे? नाग नदी आमच्याच लाव्ह्याच्या टेकड्यांकडून निघते, १८७० साली तिच्यावर बांधलेला अंबाझरी तलाव एके काळी शहराला पाणी पाजत होता, आणि आज त्याच तलावाकडे आमच्या वस्तीचे सांडपाणी वाहत जाते. मासोळीला वास येतो म्हणणाऱ्यांनी एकदा त्या नाल्याच्या पुलावर उभे राहावे.

सॅमनच्या एका तुकड्याच्या पैशात आमच्या घरच्या पाच जणांना पुरून उरेल एवढा कतला येतो. ते पैसे भंडारा-गोंदियाच्या ढिवराकडे गेले, तर तो जाळे विकून सूरतला मजुरीला जाणार नाही, असे मी म्हणत नाही. एवढ्याने काही होत नसते. पण जी वस्तू खाण्याची लाज वाटते, तिचे तळे राखायला कोण पुढे येणार?

शाकाहारी मैत्रिणींवर माझा मुळीच राग नाही. त्यांच्या ताटाशेजारी माझे ताट नको असेल तर मी दूर बसेन. माझे भांडण आहे ते मोबाईलमधल्या मासोळीला "वा!" आणि डब्यातल्या मासोळीला रुमाल दाखवणाऱ्यांशी. भाड्याची खोली देताना आडनाव विचारून मग "मासोळी-गिसोळी चालणार नाही" म्हणणाऱ्यांशीही आहे. पण ते इथे हा अंक वाचायला येणार नाहीत.

आपल्या स्नेहसंमेलनातल्या पाककला स्पर्धेच्या सूचनेत 'फक्त शाकाहारी पदार्थ' ही ओळ दरवर्षी असते. ती कोणी, केव्हा घातली हे ऑफिसात विचारले, तर "पहिल्यापासून आहे" एवढेच उत्तर मिळाले. वेगळे टेबल, वेगळी भांडी, वेगळे परीक्षक, अशी मागणी करणारा अर्ज आम्ही सात जणींनी दिला आहे. त्यात डबा न उघडणारी ती मैत्रीणही आहे, आणि दोघी पक्क्या शाकाहारी आहेत. मंजुरी मिळाली तर ती झिंग्यांची चटणी आणणार आहे. मी मरळ आणेन. बाजारात नसली तर कतल्याची पेटी. संत्री काटोलची. परीक्षकांनी काटे जपून काढावेत.