समतेचा पहिला धडा घरातच

मूल शाळेत जाऊ लागण्यापूर्वीच त्याचे एक शिक्षण बरेचसे पुरे झालेले असते. घरकामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळ्या फळीवर का असतो, नव्या शेजाऱ्याचे आडनाव ऐकताच आजोबांचा स्वर का बदलतो, कोणाला स्वयंपाकघरापर्यंत मुक्त प्रवेश आणि कोणाची बोळवण उंबऱ्यावरूनच, हे सारे ते निमूटपणे टिपत असते. जातिधर्माचा भेद कोणी व्याख्यान देऊन शिकवीत नाही. तो घरच्या वहिवाटीतून अंगी मुरतो.

साने गुरुजींनी हे ओळखले होते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी प्राण पणाला लावले. त्याच गुरुजींनी मुलांसाठी आयुष्यभर लिहिले आणि प्रांताप्रांतांतील माणसांनी एकमेकांची भाषा व जीवन जाणून घ्यावे म्हणून आंतरभारतीची कल्पना मांडली. मंदिराचे दार उघडले. घरांच्या दारांचे काय, हा प्रश्न मात्र उरलाच आहे.

शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये नियम बदलून अनेक खासगी शाळांना या बंधनातून सूट दिली. उच्च न्यायालयाने तो बदल त्याच वर्षी रद्द केला. हे योग्यच झाले. परंतु एका बाकावर बसणारी मुले शाळा सुटल्यावर एकमेकांच्या घरी जाणारच नसतील, तर कायदा एकटा किती पुरा पडणार?

ईदचा शीरखुर्मा आणि नाताळचा केक मुलांना चाखू द्यावाच. पण परिचय तेवढ्यावर थांबू नये. इतरांची संस्कृती म्हणजे स्नेहसंमेलनातील वेशभूषा नव्हे. त्या घरातील माणसे कोणते काम करतात, कोणते अपमान सोसतात, हेही मुलांना त्यांच्या वयानुरूप सांगितले पाहिजे. ‘आपले’ म्हणजे काय, तेही घरातच दाखविता येईल. चावी, बटाटा आणि पाव हे शब्द पोर्तुगिजांकडून आले, दरवाजा आणि बाजार फारसीतून, तर मिरची मुळात अमेरिकेची. निर्भेळ संस्कृतीचा अभिमान मुलाने बाळगावा, असे आपल्या ताटातसुद्धा काही नाही.

येथे कार्यकर्त्यांनी प्रथम स्वतःला प्रश्न विचारावा. व्यासपीठावर समतेचा जयघोष करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या मुलांनी दलित, मुसलमान वा भटक्या जमातीच्या मित्राच्या घरी बसून भाकरी खाल्ली आहे? आणि त्या मित्राला आपल्या घरी, त्याच पंगतीत, त्याच भांड्यांतून किती वेळा जेवू घातले आहे? उत्तर देताना मान खाली जात असेल, तर पुढच्या मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. तो वेगळा कप आजच फळीवरून काढावा. मुले पाहत आहेत.