सरड्याचे ऊन

दिवाळी अंकात या सदरातून मी काय लिहितो, हे नेहमीच्या वाचकांना पाठ झाले आहे. कधी चकलीचा सोऱ्या, कधी आकाशकंदिलाची वायर, कधी न कळवता येणारे पाहुणे. यंदा मात्र मी एका सरड्याविषयी लिहिणार आहे. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या भगिनींनी दचकू नये. हा सरडा इंग्लंडात, लीड्स शहरी, काचेच्या दाराआड असतो आणि बेसनाच्या लाडवात त्याला काडीचा रस नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता चिरंजीवांकडे लीड्सला गेलो. घरात पाऊल टाकले, बूट काढतो न काढतो तोच अकरा वर्षांच्या नातवाने माझा हात धरून मला आपल्या खोलीत ओढत नेले. त्याचे पाळण्यातले नाव वेगळे आहे. मी त्याला बंडूच म्हणतो. टेबलावर काचेची पेटी होती आणि पेटीत हातभर लांबीचा, वाळूच्या रंगाचा, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला एक प्राणी धोंड्यावर बसून माझ्याकडे एका डोळ्याने बघत होता.

"आजोबा, हा बिअर्डेड ड्रॅगन. ऑस्ट्रेलियाचा!"

"अरे, हा तर आपल्या कुंपणावरचा सरडा!" मी म्हटले.

बंडूचा चेहरा उतरला. पण मी फारसा चुकलो नव्हतो. आपल्या कुंपणावर मान खालीवर करणारा सरडा आणि हा दाढीवाला, दोघे एकाच कुळातले. हाही तशीच मान हलवतो. रागावला की दाढी फुगवतो आणि ती काळीभोर होते. रोज सकाळी धोंड्यावर चढून, छाती वर काढून तो असा काही ऐटीत बसे की आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच आठवड्यात त्याचे नाव 'रावसाहेब' ठेवले. स्वयंपाकघरातल्या फळीवर रावसाहेबांच्या जेवणासाठी जिवंत टोळांचा डबा असतो, हे कळल्यावर मात्र त्यांनी दोन दिवस चहा बाहेरच्या खोलीत घेतला. पुढे त्याच रावसाहेबांसाठी भाजीची पाने बारीक चिरू लागल्या, ही गोष्ट वेगळी.

रावसाहेबांना जुनी पेटी अपुरी पडत होती. चिरंजीवांनी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी लाकडी पेटी आणली होती. पुढे सरकती काच, मागे हवेसाठी जाळ्या. पूर्ण वाढलेल्या प्राण्याला याहून लहान घर चालत नाही. काचेपेक्षा लाकूड बरे, कारण त्यात ऊब टिकते. आता आतली वीज जोडायची होती. मी वीजखात्यात एकतीस वर्षे काढलेली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे काम तुमचं." परमुलुखात रिकाम्या बसलेल्या म्हाताऱ्याला याहून गोड शब्द कोणते?

बंडू पुस्तक उघडून बसला आणि मी पक्कड घेऊन. त्या दोन दिवसांत मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

आपल्या अंगात एक शेगडी आहे आणि ती अन्नावर चालते. सरड्याच्या अंगात ती नाही. त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते आणि ती मिळाली नाही तर पोटातले अन्नही पचत नाही. म्हणून पेटीच्या एका टोकाला वरून दिवा लावायचा आणि त्याच्याखाली धोंडा ठेवायचा. धोंड्याचा माथा ४० अंशांच्या आसपास तापला पाहिजे. दुसऱ्या टोकाला मात्र २५ अंशांच्या आसपास गारवा हवा. सगळी पेटी सारखी तापवली तर प्राणी हैराण होतो. ऊन खायचे, पुरे झाले की सावलीत जायचे आणि पुन्हा उन्हात यायचे, हाच त्याचा दिवसभराचा उद्योग. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण हिणवून म्हणतो. पण कुंपणाला एका बाजूने ऊन असते आणि दुसऱ्या बाजूने सावली. त्याला याहून लांब जायचे कारणच काय?

दिव्याला तारेचा पिंजरा घालावा, नाहीतर उडी मारून तो भाजून घेतो. दिवा थर्मोस्टॅटवर असावा; आणि थर्मोस्टॅट असा की जो दिवा फटकन विझवणार नाही, हळूहळू मंद करील. नाहीतर दिवसभर पेटीत वीज लखलखल्यासारखे होते. तापणारा दगड दुकानात मिळतो, तो घेऊ नये. दुकानदारानेच तसे सांगितले. या प्राण्याला ऊब डोक्यावरून येते एवढेच ठाऊक. पोट भाजते आहे, हे त्याला वेळेवर उमगत नाही. दोन्ही टोकांना तापमापक हवेत, हाताच्या अंदाजावर जाऊ नये. दिवे सकाळी टायमरने लागावेत, बारा-चौदा तासांनी विझावेत आणि रात्री पूर्ण काळोख असावा.

एवढे सगळे मी चोख केले. राहिली एक लांब ट्यूब. ही ऊब देत नाही. उन्हातले जे किरण आपल्याला दिसत नाहीत, ते अतिनील किरण देते. बंडू म्हणाला, "आजोबा, ही जुनी झाली. पुस्तकात लिहिलंय, बारा महिन्यांनी बदलायची. हिला दीड वर्ष झालंय."

मी बटण दाबले. ट्यूब लख्ख पेटली.

"पेटते आहे ना? मग बदलायची कशाला? असल्या सूचना कंपन्या आपला माल खपावा म्हणून लिहितात, बाळा. एकतीस वर्षं मी हेच पाहिलंय."

नवी ट्यूब पंचवीस-तीस पौंडांची, म्हणजे आपले तीन हजार रुपये. तेवढे मी वाचवले आणि त्या रात्री सौभाग्यवतींना ते दोनदा सांगितले. बंडू काही बोलला नाही. आजोबा वीजखात्यातले होते ना!

ऑक्टोबरच्या मध्यापासून रावसाहेबांची भूक मंदावली. धोंड्यावर चढणे कमी झाले, कोपऱ्यात पडून राहणे वाढले. त्याचे स्पष्टीकरणही माझ्याकडे तयार होते. थंडीच्या दिवसांत हे प्राणी मंदावतात, कमी खातात, झोपून राहतात. हे पुस्तकातही होते आणि खरेही आहे. "झोपू दे त्याला," मी म्हटले. "मलाही इथे झोपावंसंच वाटतं."

ते खोटे नव्हते. २७ ऑक्टोबरच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे गेली आणि दुपारी साडेचारला दिवेलागण होऊ लागली. माझे गुडघे धरले होते, अंगात उत्साह नव्हता. सूनबाईंनी 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची डबी माझ्यापुढे ठेवली. "बाबा, इथे हिवाळ्यात सगळेच घेतात. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात दम नसतो आणि आपल्या सावळ्या कातडीला तर तो आणखी कमी पडतो." मी डबी बाजूला सारली. मी काय आजारी होतो?

मंगळवारी संध्याकाळी बंडू जिन्यावरून धावत खाली आला. "आजोबा, त्याची बोटं थरथरताहेत."

मी वर जाऊन पाहिले. रावसाहेबांनी धोंड्यावर चढण्यासाठी पुढचा पाय उचलला होता. पायाची बोटे आपोआप थरथरत होती आणि पाय वर जात नव्हता. झोपेत कोणाची बोटे अशी थरथरत नाहीत, एवढे मलाही कळले.

दुसऱ्या दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो. बंडूच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली पेटी होती. बाईंनी रावसाहेबांचा जबडा हळूच चाचपला, पाय पाहिले, हाडांचा फोटो काढला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "अतिनील ट्यूब किती दिवसांची आहे?"

बंडूने एकदा माझ्याकडे पाहिले. मग मान खाली घालून तो म्हणाला, "माझ्याकडून बदलायची राहिली. मी विसरलो."

वाचकहो, वीजखात्यात मी अनेकदा बोलणी खाल्ली. साहेबांची खाल्ली, गिऱ्हाइकांची खाल्ली. पण त्या अकरा वर्षांच्या पोराने माझ्या वाटणीची बोलणी मुकाट आपल्या अंगावर घेतली, तेव्हा जी लाज वाटली तशी कधी वाटली नव्हती. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटले, "तो विसरला नाही. त्याने मला सांगितलं होतं. मीच बदलू दिली नाही. ट्यूब पेटत होती."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. ट्यूब डोळ्यांना दिसते तसा प्रकाश वर्षानुवर्षे देत राहते, पण न दिसणारे किरण त्याच्या कितीतरी आधी क्षीण होतात. ते डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी वेगळे मापक लागते. ते किरण कातडीवर पडले की तिथे 'ड' जीवनसत्त्वाचा कच्चा माल तयार होतो आणि अंगाच्या उबेने तो पक्का होतो. म्हणून ऊब देणारा दिवा आणि ट्यूब एकाच टोकाला हवीत. जीवनसत्त्व नसेल तर टोळांना कितीही कॅल्शियमची पूड लावा, ती अंगी लागत नाही. मग शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेते आणि हाडे मऊ पडतात.

"खिडकीतून ऊन येतं ना," मी क्षीणपणे म्हणालो.

"खिडकीची काच ते किरण अडवते," बाई म्हणाल्या.

मग सगळा हिशेब लागला. उन्हाळ्यात बंडू रावसाहेबांना उबदार दिवशी परसात घेऊन बसे. ते खरे ऊन होते आणि त्यावर जुनी ट्यूब झाकून गेली होती. सप्टेंबर सरला, परस बंद झाले. त्यातच नवी पेटी जुनीपेक्षा उंच, म्हणजे ट्यूब आणि धोंडा यांच्यातले अंतर मी वाढवून ठेवले होते. आधीच किरण थोडे, तेही पोहोचेनात. वाचवलेले तीस पौंड डॉक्टरांच्या बिलात किती पटींनी गेले, ते मी सौभाग्यवतींना एकदाही सांगितले नाही.

दुखणे वेळेवर ध्यानात आले, एवढेच नशीब. कॅल्शियमचे औषध सुरू झाले. चिरंजीवांनी येताना नवी ट्यूब आणली. बुधवारी रात्री मी ती बसवली आणि धोंड्याखाली विटा घालून तो ट्यूबपासून फूट-सव्वा फूट अंतरावर आणला. दुसऱ्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, नरकचतुर्दशी होती. पहाटे अभ्यंगस्नान झाले, सौभाग्यवतींनी ओवाळले, बाहेर काळोख आणि रिपरिप पाऊस होता. सात वाजता टायमर टकटकला आणि पेटीत उजाडले. आम्ही सगळे नव्या कपड्यांत त्या पेटीपुढे उभे होतो. जुन्या ट्यूबच्या आणि नव्या ट्यूबच्या उजेडात मला तसूभर फरक दिसला नाही. मी तो फरक एकतीस वर्षे डोळ्यांनीच पाहत आलो होतो.

रावसाहेब त्या दिवशी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. फरक पडायला आठवडे लागले. डिसेंबरात एका सकाळी सौभाग्यवतींनी खालून हाक मारली, "अहो, या लवकर, रावसाहेब ओसरीवर आले!" पाहतो तर ते धोंड्याच्या माथ्यावर, छाती वर काढून बसलेले. एका मागच्या पायाला थोडा बाक राहिला आहे. तो आता तसाच राहायचा.

त्याच संध्याकाळी बंडूने गोळ्यांची डबी माझ्यापुढे ठेवली. "आजोबा, तुमची ट्यूब," तो म्हणाला. मी मुकाट्याने गोळी घेतली आणि फेब्रुवारीत परत येईपर्यंत एकही दिवस चुकवली नाही.

पेटीच्या मागच्या बाजूला बंडूने एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर ट्यूब बसवल्याची तारीख आहे: ३०-१०-२०२४. यंदा बारा महिने पुरे व्हायच्या आतच त्याचा फोन आला. "आजोबा, जुनी अजून पेटते आहे."

"पेटू दे," मी म्हटले. "नवी आण. पैसे मी देतो."